ऊस दीर्घ, उसाला ऱ्हस्व

कागलच्या एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात जा आणि ‘लिहिणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं व्याकरणाचं पुस्तक द्या’ म्हणून बघा. मागच्या फळीवरून जे निघेल ते परीक्षेचे गाइड असेल. मुखपृष्ठावर तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा; आत चार-चार पर्यायांचे प्रश्न आणि शेवटी उत्तरे. दुकानदाराचा दोष नाही, खपते ते तो ठेवतो. दोष आहे तो अशा गाइडातून लिहायला येईल असे पोरांना सांगणाऱ्यांचा. ही फसवणूक आहे आणि ती मी पंचवीस वर्षे, मुद्रिते तपासता तपासता, रोज बघतो आहे.

मागच्या उन्हाळ्यात मुरगूड रस्त्यावरच्या एका गावातली मुलगी आठ कथांची वही घेऊन माझ्याकडे आली. कुणीतरी जाणत्याने तिला ‘आधी भाषा सुधार’ असे सांगितले होते. तिने गाइड विकत घेतले, चार महिने पाठ केले आणि मग वही पुन्हा लिहून काढली. दोन्ही वह्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. पहिल्या वहीत रात्री उशिरा घरी आलेल्या पोराला आई विचारते, ‘कुठं गेल्तास रं?’ दुसऱ्या वहीत तीच आई, त्याच उंबऱ्यावर, विचारते, ‘तू कुठे गेला होतास रे?’ पहिली आई जिवंत होती. दुसरी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी बोलत होती. मुलीला द्वंद्व आणि बहुव्रीही यांतला फरक आता बिनचूक सांगता येत होता. सकर्मक, अकर्मक, भावे, कर्मणी सगळे तोंडपाठ होते. पण संवादात स्वल्पविराम कुठे द्यायचा हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि आईला बोलू द्यायचे हे तर नाहीच नाही.

नावे ठेवणे म्हणजे व्याकरण, ही या गाइडांची समजूत आहे. वाक्य दिले की प्रयोग ओळखा, शब्द दिला की समास ओळखा. ओळखपरेड झाली की गुण मिळतात. लिहिणाऱ्याला यातले काय लागते? त्याला लागते ते एवढेच: हा शब्द कसा लिहायचा, का लिहायचा, आणि हे वाक्य कुठे थांबवायचे.

पुस्तक विकत घेण्याआधी मी त्याची एक परीक्षा घेतो. त्यात ‘ऊस’ शोधतो. आमच्या तालुक्यात जिकडे नजर जाईल तिकडे ऊस आहे आणि मोर्चाच्या फलकापासून सभेच्या बॅनरपर्यंत सगळीकडे ‘ऊसाला दर’ असे लिहिलेले आहे. लिहायला हवे ‘उसाला’. गाइड काय सांगते? अकारान्त शब्दाच्या उपान्त्य स्थानी असलेले दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतात, इति नियम, पुढचा प्रश्न. हे वाचून कुणाच्या डोक्यात उजेड पडेल? आता हेच तोंडाने म्हणून बघा. ‘ऊस’ म्हणताना ‘स’ तुटक येतो, सगळा भार ऊवर पडतो, म्हणून तो लांबतो. ‘उसाला’ म्हणताना भार ‘सा’वर सरकतो आणि उ आखडतो. म्हणून फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, कोल्हापूर पण कोल्हापुरात. ‘कोल्हापूरला’ म्हणताना सामान्यरूपच होत नाही, म्हणून पू लांबच राहतो, ‘ऊसतोडणी’तही तसेच. आणि गैबी पिराचा उरूस असला की आपण ‘उरसात’ जातो. लाकूड–लाकडाला, कापूस–कापसाला यांतला ऊ जसा नाहीसा होतो, तसाच इथेही. फडात कोयता चालवणारा माणूस, ज्याने शाळेचे तोंड पाहिलेले नाही, तो हे सगळे एकदाही न चुकता बोलतो. नियम त्याच्या तोंडात आहे. गाइडाने तो तिथून उपटला, संस्कृत परिभाषेत गुंडाळला आणि त्यालाच परका करून विकला.

जे पुस्तक नियम तुमच्याच तोंडात दाखवून देते ते घ्यावे. बाकीची परत फळीवर ठेवावीत.

मात्र तोंडावर सगळे सोडून भागत नाही, हेही पुस्तकाने प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपण ‘गूण’ म्हणतो आणि ‘गुण’ लिहितो. ‘सूख’ म्हणतो, ‘सुख’ लिहितो. ‘वीष’ म्हणतो, ‘विष’ लिहितो. का? तर हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून. म्हणजे फूल दीर्घ आणि गुण ऱ्हस्व हे ठरवायला कान उपयोगाचा नाही, शब्दाचे कूळ माहीत पाहिजे. एकटी ‘बुद्धी’ दीर्घ आणि ‘बुद्धिमान’ ऱ्हस्व. एकटा ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. ज्याच्या घरात संस्कृत कधी शिरले नाही त्या पोराने ही कुळे कुठून आणायची? कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते कूळ न विचारता. त्यांच्या गावातल्या पोराला लेखणी उचलताना प्रत्येक शब्दाचे कूळ विचारावे लागते, ही गोष्ट मला सहन होत नाही. नियम बदलेपर्यंत तो पाळावा लागेल, मी स्वतः तो पाळतो आणि इतरांना पाळायला लावतो. पण तो कानाचा नियम नाही, पाठांतराचा आहे, हे ज्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले नाही ते पुस्तक पोराला ‘तुझाच कान वाईट’ असे सांगत असते.

आणि ‘शुद्धलेखन’ हा शब्द. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, शासनाने ते मान्य केले. त्यांचे नाव ‘लेखनविषयक नियम’ असे आहे. शुद्ध-अशुद्धाचा विटाळ त्या नावात नाही. याच नियमांनी ‘घरांत’, ‘केलें’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली. ‘असे केले’ हे लेखकाचे आणि ‘असं केलं’ हे पात्राचे, दोन्ही नियमात बसते. मग त्या मुलीच्या आईला गप्प करण्याचा अधिकार कुणाला होता? गाइडात अठरा नियम छापले होते, ही मोकळीकही त्यांत होती. पण तिच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून तिथे एकही उदाहरण नव्हते. तेही ज्या मातीत आनंद यादव जन्मले तिथे. १९३५ मध्ये कागलात जन्मलेल्या या माणसाने ‘गोतावळा’ ही अख्खी कादंबरी इथल्या बोलीत लिहिली, ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही इथल्याच पोरीला आपली बोली आधी खरवडून काढावीशी वाटते!

विरामचिन्हांकडे येतो, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

मोडीत विरामचिन्हे नव्हती, शब्दही सुटे नव्हते; एका ओढीत ओळ संपायची. बाळबोधीत पोथ्यांना दंड होते. मोल्सवर्थच्या कोशाचे काम केलेल्या मेजर कँडींनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले आणि इंग्रजीतली चिन्हे मराठीत रुळू लागली. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, आपण टिंब घेतले. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. एवढ्या काळात ही चिन्हे मराठी वाक्यात कशी वागतात यावर आपल्या शालेय पुस्तकांनी किती विचार केला? दीड पान. एक तक्ता: चिन्ह, नाव, उपयोग, उदाहरण. गर्जणाऱ्या ढगांचे आणि न पडणाऱ्या पावसाचे अर्धविरामाचे तेच उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या एका गाइडातून दुसऱ्या गाइडात उतरवले जाते.

‘की’ घ्या. ‘तो म्हणाला, की उद्या येतो’ की ‘तो म्हणाला की, उद्या येतो’? व्याकरणाने पाहिले तर ‘की’ पुढच्या वाक्याचा, म्हणून स्वल्पविराम त्याच्या आधी. बोलताना मात्र आपला दम ‘की’नंतर तुटतो, म्हणून वर्तमानपत्रांत तो नंतर पडलेला दिसतो. मी बहुतेक वेळा तो काढूनच टाकतो. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ यात कुणाचेही काही अडत नाही. कुणाला हे पटणार नाही. चालेल. पण पुस्तकाने वाद मांडायला हवा, कारण द्यायला हवे.

आणि आमच्याकडचा दुसरा ‘की’ तर या पुस्तकांना ठाऊकच नाही. ‘न्हाई, आलो की!’ म्हणजे मी आलो होतो, तूच बघितलं नाहीस. ‘न्हाई आलो की!’ म्हणजे मी आलोच नाही. एका स्वल्पविरामाने माणूस गावात असतो किंवा नसतो. हा ‘की’ उभयान्वयी नाही, वाक्याला जोर देणारा आहे. त्याच्या आधी स्वल्पविराम घातला तर कोल्हापूरचा माणूस बोलतोय असे वाटतच नाही. संवाद लिहिणाऱ्याला तक्त्यातल्या बारा चिन्हांच्या नावांपेक्षा ही एक गोष्ट जास्त उपयोगी आहे.

तसेच ‘गेल्तो’. गेलो होतो, याचे आमच्याकडे झालेले रूप. त्या मुलीच्या पहिल्या वहीत ते तीन प्रकारांनी लिहिलेले होते: गेल्तो, गेलतो आणि मधे वरती टिकली देऊन गेल’तो. ती टिकली इंग्रजीतली उसनवारी आहे. आपल्याकडे जोडाक्षर आहे, ते अशाच कामासाठी आहे. ‘गेल्तो’, ‘आल्ता’, ‘केल्तं’ असे लिहावे आणि शेवटपर्यंत तसेच लिहावे. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर मारलेली हाक ‘आयेऽऽ’ अशी अवग्रहाने लिहिता येते, हे सांगणारी एक ओळ काही पुस्तकांत असते. चार उद्गारचिन्हांची रांग लावल्याने आवाज वाढत नाही, हे मात्र सांगायला कुणी तयार नाही.

मग घ्यायचे काय? मोरो केशव दामल्यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ थोर आहे, पण ते अभ्यासाचे. हाताशी ठेवून कथा लिहिण्याचे नव्हे. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले, नीट बांधलेले पुस्तक आहे. पाया नसेल तर ते एकदा वाचावे. पण लिहिणाऱ्याने टेबलावर ठेवायचा तो कोश. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ घ्या, कारण त्यात शब्दाची सामान्यरूपेही मिळतात आणि आपण अडतो ते बहुतेक तिथेच. तो जड वाटला तर त्यांचेच ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ आहे. किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ आणि त्यांची लेखन मार्गदर्शिका. एवढे पुरे. दहा पुस्तके जमवणारा एकही उघडत नाही.

ही पुस्तके आमच्या दुकानात मिळत नाहीत, मागवावी लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा गावोगाव अभिनंदनाचे फलक लागले. त्यांतल्या एका फलकावर ‘हार्दीक’ मी स्वतः वाचले. तालुक्याच्या गावाला एक लेखनकोश सहज विकत मिळावा, एवढी तरी व्यवस्था त्या दर्जासोबत यायला हवी होती.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना मी आणखी दोन गोष्टी बजावतो. शब्दयोगी अव्यय जोडून लिहा. ‘घरा समोर’, ‘वाढदिवसा निमित्त’ हे शब्दाचे तुकडे आहेत, शब्द नव्हेत. आणि ‘ऱ्य’ची कळ शोधून ठेवा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात. लग्नपत्रिकेत ‘आचार्यांना’ लिहिले की स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी गुरुजी येऊन बसतात.

मुलीला मी कोश मागवून दिला आणि सांगितले की निवेदन त्याच्याप्रमाणे तपास, संवाद आईच्या तोंडाप्रमाणे. एका कागदावर तिच्याच कथांतली चाळीसेक बोलरूपे आम्ही दोघांनी मिळून लिहून काढली. प्रत्येकाचे एकच रूप, तेच आठही कथांत. पावसाळा संपता संपता ती तिसरी वही घेऊन आली. उंबऱ्यावर आई पुन्हा विचारत होती, ‘कुठं गेल्तास रं?’ सहाव्या कथेत एका जागी ‘गेलतास’ राहून गेले होते. तेवढे मी पेन्सिलीने गोल केले.