एक हात मोकळा असू द्या



रब्बीची मळणी आटोपून धान्य कणगीत पडले की आपल्या घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणाकडे लग्न, कुणाच्या माहेरची जत्रा, कुणाला मुंबईच्या लेकाकडे जायचे असते, तर कुणाला काशीची ओढ लागलेली असते. मग सामानाची बांधाबांध सुरू होते. पूर्वी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येई, आता चाकांची बॅग येते. ही चाके शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली. आपल्या फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या मुरमाच्या रस्त्यावर ती बॅग ओढायची नसते, डोक्यावर घ्यायची असते. तेव्हा चाकांच्या भरवशावर वजन वाढवू नका, एवढे आधीच सांगून ठेवते.

कमी सामानाचा माझा हट्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुना मला त्यावरून चिडवतात. पण तो उगाच आलेला नाही.

१९९१ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या सासूबाईंचे, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, मोतीबिंदूचे ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी झाले. सोबतीला मी होते. जाताना मी काय काय नेले होते म्हणता! पितळी तांब्या, चार कप्प्यांचा डबा, स्टोव्ह, पाच किलो तांदूळ, दोन चादरी, एक वाकळ, माझी पाच लुगडी, त्यांची चार. शिवाय तिथल्या चुलत नणंदेसाठी शेंगांचे बोचके. परत निघालो तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. माझ्या एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पिशवी आणि डबा. त्यांचा हात धरायला हातच उरला नव्हता. मी म्हटले, "आत्याबाई, माझा पदर घट्ट धरा." त्यांनी धरला. गाडी लागली, मागून गर्दीचा लोंढा आला, मी पायरीवर चढले आणि पदर त्यांच्या हातून सुटला. त्या पडल्या. डोळा वाचला, पण उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले तरी ते मनगट पुन्हा पहिल्यासारखे वळले नाही. चाळीस वर्षे ज्या हाताने भाकरी थापली तो हात परातीवर टेकला की त्या ओठ आवळत. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. कुणी विचारले तर म्हणायच्या, "तिचा काय दोष? पदरच सुळसुळीत होता."

घरी येऊन बोचकी सोडली. पाच किलोंतले साडेतीन किलो तांदूळ तसेच होते. तीन लुगड्यांची घडीही मोडली नव्हती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. सामान कितीही असो, एक हात मोकळा पाहिजे. तो म्हाताऱ्या माणसासाठी, लेकरासाठी, गाडीच्या दांडीसाठी. आणि हे जमते की नाही ते घरीच पाहावे. आदल्या संध्याकाळी पिशवी पूर्ण भरायची, पाण्याची बाटली घालायची (एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही), आणि एका हाताने उचलून गोठ्यापर्यंत जाऊन यायचे. मग जोत्याच्या पायऱ्या तशाच चढायच्या. मध्ये खाली ठेवावी लागली तर परत सोडून काहीतरी बाहेर काढायचे. घरात काटा असेल तर एकदा आपले कपडे तोलून बघा. माझे सुती नऊवारी पाऊण किलो भरले आणि सोलापुरी चादर दीड किलो. वाकळीचे वजन सांगत नाही, तिला आता घरीच ठेवते.

आपल्या जुन्या माणसांची पडशी तुम्ही पाहिली असेल. तोंड मध्ये, दोन्ही टोकांना कप्पे, खांद्यावर टाकली की निम्मे वजन पुढे आणि निम्मे पाठीवर. दोन्ही हात मोकळे. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. त्याचे अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये असते. अंगावर एक झोळी, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि हातात टाळ. दिवे घाट चढताना खांद्यावरची एकेक वस्तू कळते. जो एकदा वारीला जाऊन आला त्याला सामानाबद्दल मी काय शिकवणार? पण तोच माणूस लग्नाला निघाला की चार नग घेऊन निघतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

कपड्यांचा हिशोब सोपा आहे. अंगावर एक, धुऊन वाळत एक, आणि समारंभाचा एक. गाव आठ दिवसांचे असो की पंधरा, यात भर पडत नाही. मात्र कपडे रात्रीत वाळणारे हवेत. जाड टर्किश टॉवेल न्याल तर तो दुसऱ्या दिवशी ओलाच पिशवीत जाईल आणि सगळ्याला कुबट वास लावील. त्यापेक्षा साधा पंचा. तो अंग पुसायला, डोक्याला बांधायला, भाकरी गुंडाळायला आणि बाकावर जागा धरायलाही चालतो.

दवाखान्यासाठी जाणार असाल तर कपडे आणखी कमी आणि कागद जास्त न्या. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. चालू गोळ्यांची नावे सांगत बसू नका, गोळ्यांची पाकिटेच सोबत घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हवेच, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती विचारतात. याखेरीज एक चादर, ताटली, पेला, साबण, रोग्याचे सैल कपडे. स्टोव्ह नको, तांदूळ तर नकोच. आणि रोजच्या गोळ्या मोठ्या पिशवीच्या तळाशी नव्हे, जवळच्या लहान पिशवीत ठेवा. गाडीच्या मागच्या टोकाला पडलेल्या सामानातून रक्तदाबाची गोळी काढायची म्हणजे चालत्या गाडीत कसरत.

आता खरी अडचण. लेकाकडे, लेकीकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? ज्वारीचे पीठ, शेंगा, हुरडा, लोणच्याची बरणी, पापड, घरचे तूप. या प्रत्येक वस्तूत आपला जीव असतो आणि "कशाला आणले, इथे सगळे मिळते" हे वाक्य ऐकून तो दुखावतोही. मी नेऊ नका म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की धान्य आणि आपण एका गाडीत असण्याची गरज नाही. गोणी पार्सलने पाठवावी, नाहीतर गावातून भाजीची गाडी जात असेल तर ओळखीच्या ड्रायव्हरजवळ द्यावी आणि लेकाने तिकडे उतरवून घ्यावी. सोबत न्यायचे ते तिथे न मिळणारे आणि हलके. आमच्या लेकीला मी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि वाळवलेली मेथी नेते. सगळे मिळून किलोभर. पीठ एकदाही नेत नाही, पण आधी फोनवर विचारते, तुला काय हवे. तुम्हीही विचारा. पुष्कळदा उत्तर येते, "आई, तू फक्त ये."

शिदोरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरचे खाऊन पोट बिघडले की प्रवास संपलाच. टिकायचे असेल तर पिठात पाणी कमी. म्हणूनच आपल्याकडे दशम्या निघाल्या. पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे त्या मऊ राहतात आणि पोळीपेक्षा जास्त टिकतात. धपाटे आणि तिखटमिठाच्या पुऱ्याही चांगल्या. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाचा खडा, कांदा. ओली भाजी, उसळ, दही-भात नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. आणि एक चूक जवळजवळ सगळ्या घरांत होते. पहाटे गरम गरम पोळ्या डब्यात भरून झाकण लावतात. आतली वाफ थंड होऊन पाणी सुटते आणि दुपारपर्यंत पोळ्या आंबूस लागतात. पसरून पूर्ण निवू द्या, मग सुती फडक्यात बांधा. फडके परत येताना खिशात मावते, डबा मावत नाही.

गाडी लागते अशांनी उपाशी निघू नये आणि पोटभर जेवूनही निघू नये. अर्धी भाकरी खाऊन निघावे. मागच्या चाकावरची आणि त्यामागची जागा सर्वांत जास्त आदळते, म्हणून पुढच्या निम्म्या भागात बसा. घाटात मान खाली घालून फोन पाहू नका, समोरच्या रस्त्याकडे लांब नजर ठेवा. तोंडात आल्याचा तुकडा किंवा आवळा धरला की बऱ्याच जणांना बरे वाटते. लांबच्या प्रवासात पाय सुजतात, त्यासाठी बसल्या जागी घोटे फिरवत राहावे आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाकावीत. बायका लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे करू नका. घोट घोट पीत राहा आणि गाडी थांबली की संकोच न करता वाहकाला सांगून जा.

पैसे एका जागी ठेवू नयेत. मोठ्या नोटा कनवटीला किंवा आतल्या खिशात, तिकिटापुरते सुटे बटव्यात. हल्ली एसटीच्या बऱ्याच गाड्यांत फोनवरून तिकिटाचे पैसे देता येतात, पण घाटात रेंज गेली तर सुट्यांचीच आठवण येते. घरच्यांचे दोन फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपली की त्यातले नंबरही मिळत नाहीत. लेकराच्या खिशातही तशी चिठ्ठी घाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्मेच. वयाच्या सवलतीसाठी आधारकार्ड पिशवीच्या तळाशी नव्हे, हाताशी हवे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. जुन्या आठवणीवर काशीच्या तिकिटाचा हिशोब करू नका. आरक्षण करताना वय बरोबर सांगा, म्हणजे साठीवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीवरच्या बायकांना खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. रेल्वेत स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान फुकट नेता येते, असे कुणी सांगेल. खरे आहे. पण ते उचलायचे आपल्यालाच असते.

परत आल्यावर पिशवी लगेच रिकामी करून ठेवू नका. न वापरलेली प्रत्येक वस्तू वेगळी काढा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. माझी पहिली यादी १९९१ची, ती दीड पान भरली होती. परवा नाशिकहून आले तेव्हा यादीत एकच वस्तू होती, छत्री. पाऊस आला नाही. पण छत्री मी पुढच्या वेळीही नेणार आहे, हलकी आहे आणि काठीसारखी टेकताही येते.