वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या

रविवारी विहारात वंदना आटोपली की दोन-चार मंडळी आमच्याभोवती जमतात. आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनी करणारे, म्हणून पैशाअडक्याचे प्रश्न आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ धम्मबांधव आले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हाती १५ लाख रुपये होते. म्हणाले, "भाऊ, वाळूजकडं बाँडवर प्लॉट मिळतोय. वरून थोडं कर्ज काढू, आठ खोल्या काढू, कामगार ठेवू आणि बसून खाऊ."

आम्ही म्हटले, "काका, आधी कागद दाखवा." कागद निघाला तो शंभर रुपयांचा बाँड आणि त्यावर नोटरीचा शिक्का!

आपल्या शहराच्या चारी बाजूंना अशा गुंठेवारीच्या वसाहती उभ्या आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडायचे आणि बाँडवर विकायचे, हा धंदा इथे वर्षानुवर्षे चालला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, हे खरे. पण नियमित होण्यासाठी शुल्क भरावे लागते आणि आरक्षणातली जागा असेल तर गाडे अडते. आमच्या वडिलांनी असाच एक तुकडा घेतला होता. तोच तुकडा आणखी एकाला विकलेला निघाला. दोघेही गरीब, दोघेही कोर्टात, आणि विकणारा पसार. तेव्हा सातबारा किंवा पी.आर. कार्ड, अकृषिक आदेश आणि नोंदणीकृत खरेदीखत यांवाचून एक पैसाही देऊ नये. "सगळेच असे घेतात" हे उत्तर नव्हे.

काकांना आम्ही विचारले, तुमच्या राहत्या घरावर काय आहे? घर भावसिंगपुऱ्याच्या बाजूला, कागद स्वच्छ, वर नुसती गच्ची. मग वाळूजला कशाला जायचे? विद्यापीठ आणि नागसेनवन जवळ. १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरे या भागात खोल्या शोधत आली आहेत. शिवाय मालक खालीच राहतो, म्हणून मोटार बिघडली तर लगेच कळते. मात्र जुन्या भिंती वरचा भार पेलतील की नाही, हे इंजिनिअरला दाखवून घ्यावे आणि महापालिकेची परवानगी काढावी. गवंड्याच्या शब्दावर मजला चढवू नये.

आता हिशोब. उदाहरणादाखल धरू, तीन खोल्या-स्वयंपाकघरांना १२ लाख लागले आणि प्रत्येकीचे भाडे महिना ४,००० आले. वर्षाचे झाले १,४४,०००. माणूस इथेच खूश होतो. पण वर्षातून एखादा महिना प्रत्येक खोली रिकामी राहणार, ते गेले १२,०००. टँकर आणि मोटारीची वीज १५,०००. घरपट्टी ७,०००. रंग, नळ, दुरुस्ती १०,०००. उरले १ लाख, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने २०२३ पासून ८.२ टक्के व्याज दिले आहे, आणि पोस्ट काही रात्री अकराला "काका, ड्रेनेज तुंबलंय" म्हणून दार वाजवत नाही! भाडे पुढे वाढते आणि खोल्या पोरांना राहतात, एवढाच फायदा. तो लहान नाही, पण "बसून खाणे" हे नव्हे.

आणि कर्ज? तेच १२ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी काढले तर हप्ता साधारण १२,१७० रुपये. महिन्याला हाती उरणार ८,३३३. बाकीचे कोण भरणार? २०२० च्या टाळेबंदीत कामगार गावी निघून गेले, खोल्या ओस पडल्या, पण कर्जावरचे व्याज काही थांबले नाही. खुद्द बाबासाहेबांनी दादरला राजगृहाबरोबर 'चार मिनार' ही दुसरी इमारत बांधली होती. कर्ज फेडण्यासाठी आणि ग्रंथांसाठी ती त्यांना १९४१ साली विकावी लागली. म्हणून आम्ही सांगितले, आपल्या पैशात बसतील तेवढ्याच खोल्या. आधी पाण्याची मोठी टाकी, मग फरशी. आठवड्याने येणारे नळाचे पाणी या शहराने पाहिले आहे.

कराराबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे लोक सांगतात. आपल्या राज्यात ते चूक आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च तो किती? एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एवढ्यासाठी कंजूषपणा कशाला?

एक गोष्ट मात्र आम्हाला बोचते. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दर १४ एप्रिलला आपण हा प्रसंग सांगतो. आणि आपल्याच वस्तीतला एखादा घरमालक खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतो! मातंग कुटुंब नको, मुसलमान नको, एकटी राहणारी नर्स तर नकोच. "मग शेजारी काय म्हणतील?" हे उत्तर आम्ही आपल्या तोंडून ऐकले आहे. पूर्वी सिडकोत आम्हाला हेच उत्तर मिळाले होते, तेव्हा आम्ही तीन दिवस जेवलो नीट नव्हतो. भाडे वेळेवर देईल का, नोकरी कुठे आहे, माणसे किती, हे जरूर विचारा. ओळखपत्र घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. त्यापुढचे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

काकांनी बाँड परत केला. तीनऐवजी दोनच खोल्या काढल्या, बाकीची रक्कम पोस्टात ठेवली. यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. काकूंना भाडेकरू "आपल्यातलाच" हवा होता. काका दोन दिवस गप्प राहिले आणि मग बडोद्याची गोष्ट त्यांनीच काकूंना सांगितली. काकू म्हणाल्या, "ठीक आहे, पण पाणी मी सोडणार, टायमावर."

पहिल्या खोलीत जालन्याकडचे एक मातंग कुटुंब येत आहे. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला, मुलगी सातवीत. करार नोंदवायला येत्या शनिवारी आम्ही काकांबरोबर जाणार आहोत.