आजाऱ्यास भेट काय न्यावी?

देवाच्या, गुरूच्या किंवा राजाच्या दर्शनास रिकाम्या हातानें जाऊं नये, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. आणि लहान मूल व आजारी माणूस यांनाही आपण त्याच पंक्तींत बसवीत आलों आहों. कोणी आप्त अंथरुणास खिळला असें कळलें कीं मोसंबीं, सफरचंदें, बिस्किटांचा पुडा किंवा फुलांचा गुच्छ घेऊन आपण निघतों. साध्या तापांत किंवा हात मोडला असतां हा शिष्टाचार निभावून जातो. परंतु कर्करोगाचे उपचार चार-आठ दिवसांत आटोपणारे नसतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपीचे दर दोन-तीन आठवड्यांनीं येणारे डोस आणि नंतर किरणोपचार, असें तें चक्र कित्येकदां सहा-आठ महिने फिरत राहतें. अशा घरीं पहिल्या पंधरवड्यांत फळांच्या करंड्यांची रांग लागते, आणि तिसऱ्या महिन्यांत उंबऱ्याला परक्याचें पाऊल लागत नाहीं. म्हणून या महिन्यांत ह्याच विषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. कर्करोग हा स्पर्शानें, श्वासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें जडणारा रोग नव्हे. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही रुग्णाचें पेलाभांडें निराळें ठेवलेलें व मुलांना त्याच्या खोलींत जाण्यास मनाई केलेली आम्हीं पाहिली आहे. खरें पाहतां भीति उलट दिशेनें बाळगावयास हवी. केमोथेरपीनें रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरतात. पुष्कळ औषधांच्या बाबतींत डोसानंतर सुमारें सात ते चौदा दिवसांच्या अवधींत त्या सर्वांत कमी असतात. त्या काळांत आपला साधा खोकला किंवा पडसें हें रुग्णावर जिवावरचें संकट आणूं शकतें. तेव्हां स्वतःस सर्दी असेल तर न जाणें आणि गेल्यावर आधीं साबणानें हात धुणें, ही पहिली भेट समजावी. हिला पैसा लागत नाहीं.

त्याच कारणानें ताज्या फुलांचे गुच्छ व मातीच्या कुंड्या कित्येक रुग्णालयांतून आंत नेऊं देत नाहींत. शिवाय उपचारांच्या दिवसांत नाक फार हळवें होतें. मोगऱ्याचा गजरा, अत्तर, उदबत्ती, फोडणीचा खमंग वास, ज्यांनीं एरव्हीं मन प्रसन्न व्हावें त्यांनींच पोटांत ढवळूं लागतें. सुगंधी साबण किंवा तेल द्यावयाचें मनांत असेल तर तें मनांतच ठेवावें. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेस तर वासाचीं द्रव्यें व घरगुती लेप डॉक्टरांस विचारल्यावांचून लावूंच नयेत. तेथें सैल, मऊ, चारदां धुतलेलें सुती वस्त्र हेंच उत्तम.

आतां खाद्यपदार्थांविषयीं. आपल्या समाजांत प्रेमाचा मार्ग बहुधा स्वयंपाकघरांतून जातो, आणि दिवाळीच्या सुमारास तर चकल्या, कडबोळीं व अनारसे यांचा डबा घेऊन गेल्यावांचून आपणांस चैन पडत नाहीं. परंतु ज्याच्या तोंडास आंतून फोड आले आहेत त्याला चकलीचा तुकडा हा सुरीच्या पात्यासारखा लागतो. अशा वेळीं गुरगुट्या भात व त्यावर साजूक तूप, मुगाची पातळ खिचडी, वरणाचें निवळ, नाचणीचें सत्त्व, दुधी भोपळ्याची खीर, असे मऊ व सौम्य पदार्थ उपयोगी पडतात. ते थोडे, ताजे व झांकून आणलेले असावेत. कित्येकांना सगळ्याच अन्नास धातूची चव येऊं लागते. त्यांना स्टीलच्या चमच्याऐवजीं लाकडी चमचा दिला तर चार घांस जास्त जातात. आलें चालत असल्यास त्याच्या वड्या मळमळीवर कांहींना बऱ्या वाटतात. थंडगार सरबत किंवा कुल्फी नेण्याआधीं मात्र विचारावें. ऑक्सॅलिप्लॅटिन नांवाचें औषध चालू असतां गार पदार्थाच्या नुसत्या स्पर्शानेंही बोटांत व घशांत मुंग्या आणि कळा येतात. फळांत, साल काढून खातां येतील अशीं केळीं-संत्रीं बरीं. परंतु ग्रेपफ्रूट व पपनस हीं कांहीं औषधांच्या रक्तांतील प्रमाणांत ढवळाढवळ करतात, म्हणून तीं टाळावींत.

येथें एक नाजूक गोष्ट बोलून टाकतों. उपचारांच्या काळांत शरीरास प्रथिनांची गरज वाढते, आणि डॉक्टर कधीं कधीं अंडें घेण्यास सांगतात. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तें आलें नाहीं तेथें सासूबाईंच्या किंवा आत्याबाईंच्या कपाळावरील एक आठीसुद्धां रुग्णाच्या घशाखालचा घांस अडविते. दूध, पनीर, डाळी व सोयाबीन यांवर भागत असेल तर उत्तमच. रुग्णाला स्वतःला नको असेल तर आग्रहही नको. परंतु त्याने घेण्याचें ठरविलें, तर वडील माणसानें स्वतःहून, "घे हो, औषध म्हणूनच घ्यावयाचें आहे," असें म्हणावें. अशी मोकळीक ही कोणत्याही डब्याहून मोठी देणगी आहे.

उलट जी भेट कधींच नेऊं नये ती म्हणजे गांवठी औषधाची पुडी. "एकाला अमक्या काढ्यानें गुण आला," असें सांगून जो तो एक बाटली ठेवून जातो, आणि रुग्ण भिडेस पडून ती घेतो. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समज खरा नाहीं. गुळवेल घेतल्यावर यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलीं आहेत. केमोथेरपीचा भार ज्या यकृतावर आधींच आहे, त्यावर आपल्या प्रेमाचा भार आणखी कशाला? ज्याला द्यावयाचेंच असेल त्यानें ती पुडी आधीं रुग्णाच्या डॉक्टरांस दाखवावी.

आतां वस्तूंकडे वळूं. एक चांगला तापमापक ही आमच्या मतें अत्यंत उपयुक्त भेट होय. पांढऱ्या पेशी उतरल्या असतां ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालयांत कळवावयाचें असतें. त्या तापमापकाबरोबर मोठ्या अक्षरांत डॉक्टरांचा, रुग्णालयाचा व रात्रीं गाडी घेऊन येऊं शकणाऱ्या दोन नातलगांचा फोन नंबर लिहून भिंतीवर लावून द्यावा. मऊ केसांचा दांत घासावयाचा ब्रश, ऊबदार पायमोजे, अर्ध्या तासांत सुटेल असें कोडें, हलक्या पुठ्ठ्याचें पुस्तक, ह्याही वस्तू कामाच्या. जाड कादंबरी नको. औषधांच्या गुंगींत तीन पानें मागें कोण आलें होतें तें आठवत नाहीं, व वाचणाऱ्यास त्याचाच खेद होतो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर करून कपडा घालणें कठीण जातें. अशा भगिनीस पुढें गुंड्या असलेलीं दोन सैल पोलकीं शिवून द्यावींत. जरीच्या साडीहून तिला त्यांचा आनंद अधिक होईल. बांगड्या भरण्याचा आग्रह मात्र धरूं नये. काखेंतील गांठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचा संभव पुढें अनेक वर्षें राहतो, आणि घट्ट बांगड्या व अंगठ्या त्या हातास वर्ज्य सांगतात. हळदीकुंकवाच्या समारंभांत बारा जणींसमोर, "एकाच हातांत कां ग भरल्यास?" असें विचारणाऱ्या बाईनें हें ध्यानांत ठेवावें.

केंसांचा प्रश्न याहून खोल आहे. सर्वच औषधांनीं केंस जात नाहींत. पण ज्यांनीं जातात त्यांत पहिल्या डोसानंतर बहुधा दोन-तीन आठवड्यांनीं ते गळूं लागतात. आपल्या ज्ञातींतील वयस्क स्त्रियांच्या मनांत केंसरहित मस्तकाशीं जी स्मृति निगडित आहे ती निराळी सांगावयास नको. पणजी-आजीचें तें लाल आलवण व झांकलेलें डोकें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें किंवा निदान ऐकलें, त्यांना आरशांतील आपलें रूप केवळ कुरूप वाटत नाहीं. तें अशुभ वाटतें. कुंकू लावतांना हात थांबतो. अशा वेळीं "केंसच ना, पुन्हां येतील," हें वाक्य खरें असूनही निरुपयोगी आहे. ते उपचार संपल्यावर बहुधा कांहीं महिन्यांत पुन्हां येऊं लागतात, हें तिला डॉक्टरांनीं सांगितलेलेंच असतें. त्यापेक्षां केंस गळण्याच्या आधींच मऊ सुती रुमाल, तिच्या आवडत्या रंगाचे, दोन-तीन नेऊन द्यावेत. टोप हवा असल्यास तो निवडावयास तिच्याबरोबर जावें. आणि चैत्रगौरीच्या किंवा श्रावणांतल्या शुक्रवारच्या बोलावण्यांतून तिचें नांव आपण होऊन गाळूं नये. यावयाचें कीं नाहीं हें तिचें तिला ठरवूं द्यावें. तिला बोलावणें आलें, एवढ्यानेंच तिच्या मनावरचें अर्धें ओझें उतरतें.

वस्तूंपेक्षां श्रमाची भेट सरस, असें आमचें मत अनेक घरें पाहून बनलें आहे. परंतु "कांहीं लागलें तर सांगा हो," हें बोलणें भेट नव्हे. त्यांत मागण्याचा भार आजाऱ्यावरच पडतो, आणि मानी माणूस कधींच मागत नाहीं. "दर मंगळवारीं धुण्याचें व भाजीचें मी पाहीन", "सोमवारचा डोस असेल त्या दिवशीं मुलें आमच्याकडे जेवतील", "विम्याचे कागद माझ्याकडे द्या", असें नेमकें बोलावें व तें शेवटच्या डोसापर्यंत पाळावें. आमच्या परिचयाच्या एका घरीं धाकट्या दिरानें वहिनींच्या सगळ्या तपासण्यांचे कागद तारखेवार एका फायलींत लावून दिले. तो फारसा बोलका नव्हे. समाधानाचे दोन शब्दही त्यास सुचले नाहींत. पण दर खेपेस डॉक्टरांपुढें ती फाईल उघडली कीं वहिनी म्हणत, "हें भाऊजींचें काम."

पैशाच्या मदतीस आपल्या वर्गांत फार संकोच वाटतो. पण उपचार महाग आहेत, आणि पगारी कुटुंबाची शिल्लक दोन-तीन महिन्यांत आटते. तेव्हां पाकीट देतांना, "परत करण्याचें मनांत आणूं नका," असें घरांतील एकाच माणसास एकांतांत सांगावें व पुढें तो विषय कोणापाशींही काढूं नये.

रक्ताची भेट तर पैशानेंही घेतां येत नाहीं. केमोथेरपींत रक्तांतील प्लेटलेट्स उतरल्या तर त्या बाहेरून द्याव्या लागतात, आणि साठविलेल्या प्लेटलेट्स सुमारें पांच दिवसच टिकतात. म्हणून दाता वेळेवर हवा. अठरापासून पुढच्या वयाच्या निरोगी पुतण्याभाच्यांनीं आपले रक्तगट व फोन नंबर यांची एक यादी आधींच करून ठेवली, तर ऐन वेळीं धांवाधांव होत नाहीं. पुण्यांतील किंवा नागपुरांतील भाच्याला मुंबईच्या मावशीसाठीं येतां आलें नाहीं, तरी त्यानें आपल्या गांवच्या रक्तपेढींत दिलेलें रक्त कोणाच्या तरी मावशीस पोंचतेंच.

मुंबईच्या वाचकांस आणखी एक सांगणें आहे. परळचें टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. सर दोराबजींनीं त्यांच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेवला, ते स्वतः १९३२ सालीं गेले, आणि पुढें त्यांच्याच विश्वस्तनिधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. आज तेथें विदर्भांतून, मराठवाड्यांतून आणि देशाच्या टोंकांहून रुग्ण येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृति समिति यांसारख्या संस्था त्यांची सोय करतात. तरीही बाहेर पदपथावर दिवस काढणारीं कुटुंबें जाणाऱ्या-येणाऱ्यांस दिसतातच. ज्यांच्या घरांत एक खोली रिकामी आहे त्यांनीं गांवाकडील दूरच्या नातलगास उपचारांपुरती ती देऊं केली, तर आजवर कोणी दिलें नसेल असें वाण त्यांनीं दिलें असें आम्ही म्हणूं.

शुश्रूषा करणाऱ्यास विसरूं नये. सारे जण रुग्णाची प्रकृति विचारतात, रात्रभर जागणाऱ्या पतीला, सुनेला किंवा लेकीला "तुम्ही जेवलांत का?" असें कोणी विचारीत नाहीं. एखाद्या दुपारीं चार तास आपण रुग्णापाशीं बसून त्यांना निजूं द्यावें किंवा नुसतें बाहेर फिरून येऊं द्यावें.

बोलण्याविषयीं थोडेंच. "धीर धरा, आनंदी राहा म्हणजे रोग पळेल," हा उपदेश आम्हांस निर्दय वाटतो; कारण रोग न हटला तर दोष रुग्णाच्या मनोधैर्यावर येतो. त्याला रडावयाचें असेल तर रडूं द्यावें. पूर्वजन्मींच्या कर्माची चर्चा, अमक्याचे मामा याच रोगानें गेले ही हकीकत, आणि "किती वाळलांत हो!" हा उद्गार, हे तिन्ही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावेत. रोगाची वार्ता कोणास सांगावयाची, हा अधिकारही रुग्णाचाच आहे. वीस मिनिटें बसावें, बाहेरच्या जगांतल्या चार साध्या गोष्टी सांगाव्यात आणि उठावें.

उपचार संपल्यावरही जात राहावें. शेवटचा डोस झाला कीं सर्वांना वाटतें, सुटलों; रुग्णाला मात्र तपासणीच्या प्रत्येक तारखेची धास्ती असते, आणि अंगांत शक्ति येण्यास महिनेच्या महिने लागतात. त्या काळांत दाराशीं आलेलें माणूस विशेष गोड वाटतें. तेव्हां पहिल्या आठवड्यांतली करंडी लहान आणली तरी चालेल; सहाव्या महिन्यांतली फेरी मात्र चुकवूं नये.