लिफ्टमधला पारा आणि फोनवरचे शिष्टाचार

आधी एक कोडे सोडवून पाहा. लिफ्टच्या भिंतीवर एक पेटती मेणबत्ती बसविली आहे आणि जमिनीवर पाऱ्याचा एक थेंब आहे. दोर तुटून लिफ्ट मुक्तपणे खाली पडू लागली, तर ज्योतीचे काय होईल? पाऱ्याचे काय होईल?

सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात, संगणकावरील सूचनाफलकावर, हीच चर्चा रंगली होती. (उत्तर सांगूनच टाकतो. गरम हवा वर चढते ती गुरुत्वामुळे. मुक्त पतनात ती चढणार नाही, म्हणून ज्योत लांबट न राहता गोलसर व मंद होईल; वजनाने चपटा झालेला पाराही पृष्ठताणामुळे गोल होईल.) तेवढ्यात एकाने गमतीने लिहिले, की भौतिकीच्या प्रयोगामुळे डावीकडील लिफ्टमध्ये पारा सांडला आहे व आगीने थोडे नुकसानही झाले आहे. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती, त्यांना ही सूचना खरी वाटली! मग थट्टेला थट्टा म्हणून ओळखावे कसे, यावर खल झाला आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस यांचा हसरा चेहरा सुचविला :-) तुमच्या फोनवरच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या पूर्वजांपैकी तो एक.

एवढ्या हुशार मंडळींची फसगत का व्हावी? ‘बरं’ हा आपला साधा शब्द घ्या. तो होकार असतो, कंटाळा असतो, धमकीही असते. सारे काही आवाजाच्या चढउतारावर. जुन्या टेलिफोनमधून आवाजाची साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच पट्टी जात असे, तरी पलीकडचा माणूस रुसला आहे हे आईला लगेच कळे. लिहिलेल्या ‘बरं’मधून मात्र फक्त अक्षरे जातात. पत्राचा मायना ही उणीव काही अंशी भरून काढी. ‘सा. न. वि. वि.’ म्हटले, की पुढचा मजकूर कोणत्या नात्याने वाचायचा ते ठरून जाई. आम्ही विद्यार्थी असताना मायन्याची चेष्टा करीत असू. आता ‘सर नोट्स’ एवढाच निरोप रात्री साडेअकराला येतो, तेव्हा मायन्याचा उपयोग पटतो.

दुसरी गोष्ट वेगाची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे सातशे किलोमीटर तारेला साडेतीन सहस्रांश सेकंद पुरे. आंतरदेशीय पत्राला दिवस लागत. गॅल्व्हानोमीटरला अवमंदन नसेल तर काटा किती वेळ इकडेतिकडे झुलत राहतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. टपालाचा उशीर हे रागाचे अवमंदन होते. ते आता आपले आपण बसवायचे आहे. १९९५ मध्ये सॅली हँब्रिज यांनी संकलित केलेल्या जाळ्यावरील शिष्टाचाराच्या नियमांत, भावनेच्या भरातले उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, असे सांगितलेच आहे. सगळे शब्द मोठ्या लिपीत लिहिणे म्हणजे ओरडणे, असेही त्यात आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही, पण आपण उद्गारचिन्हांची रांग लावून ती हौस भागवतो!

हे सारे किरकोळ वाटेल, पण मला खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या एका वर्गाच्या गटात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘अवकाशस्थानकात गुरुत्व नसते का?’ पाच मिनिटांत हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. उत्तर एकही नाही. वास्तविक ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्व पृष्ठभागावरच्या सुमारे ८९ टक्के असते, आणि अंतराळवीर तरंगतात ते त्या लिफ्टमधल्या पाऱ्याप्रमाणे सतत पडत असल्यामुळे. हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे सांगता आले असते? त्या मुलीने पुढे वर्षभर त्या गटात काही विचारले नाही. वर्गात कोणी हसले तर ज्याला हसलो त्याचा पडलेला चेहरा दिसतो, आणि हसणे आपोआप आवरते. फोनवर तो दिसत नाही. गैरसमज टळावा म्हणून जन्मलेले चिन्ह असे प्रश्नाचे तोंड बंद करायला वापरले जावे, याचा मला राग येतो. चूक दाखवूच नये, असे मी म्हणत नाही. विज्ञान त्याशिवाय चालणार नाही. पण ‘हे विधान चूक आहे, कारण...’ आणि ‘तुला एवढेही कळत नाही?’ यांपैकी पहिल्यात पुढे काहीतरी लिहावे लागते. दुसऱ्याला अभ्यास लागत नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आपणही सुटत नाही. नापासांची यादी साऱ्या गटासमोर टाकणे, एकाची चूक साठ जणांसमोर दुरुस्त करणे, हे आपल्यापैकी अनेकजण सर्रास करतात. ज्याचे गुण त्यालाच वेगळे कळवायला साठ निरोप लिहावे लागतील, हे खरे. तेवढा वेळ काढावा.