पायाची नाडी कोण बघणार?



दसरा झाला की केज तालुक्यातली गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती परततात थेट उन्हाळ्यात. या कोयत्यातली बाई दिवसभर मोळ्या वाहते. पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते. टाचेची जखम महिनाभर भरत नाही. ती म्हणते, कामाने होतेय. घरचे म्हणतात, वयाने होतेय. पण तिला साखरेचा आजार असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत चालल्या असण्याचीही शक्यता असते. ती तपासायची कुणाला सहसा सुचत नाही.

मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या आत चरबीचे आणि चुन्याचे थर लवकर साचतात. त्याच आजाराने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर दुखणे जाणवतही नाही. पायाची वाहिनी अरुंद झाली असेल, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांनाही तोच धोका असतो. म्हणजे पाय हा इशारा आहे, आणि तो वेळेवर वाचला तर पाय आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

हा प्रश्न स्त्रियांचा का? पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकारापासून जे थोडेफार संरक्षण असते, ते मधुमेह बऱ्याच अंशी हिरावून घेतो. त्यात आपला जिल्हा बीड. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ साली आलेली आकडेवारी आपण विसरलेलो नाही. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर हृदयाचा धोका आणखी वाढतो. ज्या व्यवस्थेने बाईच्या पोटावर इतक्या सहज शस्त्रक्रिया केल्या, तिला तिच्या पायाची नाडी बघायला मात्र सवड झाली नाही. बाईचे आरोग्य म्हणजे गर्भाशय, हा समज दवाखान्यात आहे. तो आपल्या शिबिरांतही शिरलेला नाही ना, हे तपासायला हवे.

तपासणी अवघड नाही. पाऊल आणि घोट्याजवळची नाडी हाताने चाचपायची. मग बाईला पाच-दहा मिनिटे आडवे झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा. त्यासाठी नेहमीचा पट्टा आणि नाडीचा आवाज ऐकवणारे हातातले डॉप्लर यंत्र पुरते. सुई नाही, भूल नाही. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आकडा आला, तर वाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. १.४ च्या वर आला तर खूश होऊ नये, कारण मधुमेहात चुना साचून कडक झालेली वाहिनी असा फसवा आकडा दाखवते. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

दोष आढळला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असेही नाही. मिश्री आणि तंबाखू सोडणे, साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, कोलेस्टेरॉलची गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालण्याचा व्यायाम आणि पायांची निगा, इथून उपचार सुरू होतात. हे सर्वांना माहीत करून द्यायला हवे. नाहीतर गर्भाशयाच्या बाजाराच्या जागी रक्तवाहिन्यांचा बाजार उभा राहील.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासायचा असतो. आशाताई दारी येते तेव्हा दाराला कुलूप असेल तर काय उपयोग? म्हणून आपल्या मागण्या अशा : मधुमेह असलेल्या प्रत्येक बाईचे पाय वर्षातून एकदा, आणि तेही दसऱ्याआधी, तपासले जावेत. घोट्याचा दाब मोजण्याची सोय केजच्या सरकारी दवाखान्यात व्हावी, पुढच्या तपासण्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत मिळाव्यात. गोळ्या सहा महिन्यांच्या मिळाव्यात, आणि नोंदीचे कार्ड फडावर तिच्याजवळ असावे. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जाऊ नये.

आणि एक काम आपले. येत्या बैठकीत एकमेकींना विचारू या : साखर कुणाकुणाला आहे, आणि तुझे पाय शेवटचे कुणी पाहिले?