आधी तक्रार, मग थँक यू!

तुमच्या ऑफिसातही झालं असेल ना हे? एचआरवाले एक छानशी डायरी हातात ठेवतात, कव्हरवर सूर्यफूल, आणि सांगतात, 'रोज तीन गोष्टींबद्दल थँक यू लिहा, बघा टेन्शन कसं पळतं!' माझ्याकडे अशा दोन डायऱ्या आहेत. एकीत किराण्याचा हिशेब आहे. दुसरी कोरी.

कारण सोपं आहे. सगळं मस्त चाललेलं असतं तेव्हा लिहायची आठवण होत नाही, आणि वाट लागलेली असते तेव्हा लिहायला काही सुचत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी अशीच वाट लागली होती. ज्या क्लायंटच्या भरवशावर माझं घरभाडं निघायचं, त्याने चार ओळींच्या मेलवर काम थांबवलं. आधीची दोन बिलं अडकलेली. रूममेटचं लग्न ठरलेलं, म्हणजे भाडं डबल. फ्रीलान्सरला नोटीस पीरियड नसतो, फेअरवेलचा केक तर नसतोच! घरी बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर 'मजेत आहे' इतक्या सफाईने म्हणायचे, की एखादं अवॉर्ड सहज मिळालं असतं.

शेवटी लॅपटॉप उचलला आणि मेढ्याला आत्याकडे गेले.

मेढा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचं मुख्य गाव. वेण्णेच्या काठी. आपण महाबळेश्वरला वाई-पाचगणीमार्गे जातो, त्यामुळे मेढा लागतच नाही. साताऱ्याहून केळघर घाटाने गेलात तर लागेल. जुलैत तिथे पाऊस असा, की दोरीवरचे कपडे चार दिवस ओलेच. खाचरांत भाताची लावणी चाललेली आणि लाइट एकदा गेली की गेलीच.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आत्याकडे रात्री जेवणाआधी घरगुती प्रार्थना असते. एक भजन, शास्त्रातला एक उतारा, मग प्रत्येकाने काही ना काही 'उपकारस्तुती' करायची. लहानपणी मी 'उद्या गणिताचा पेपर नाही म्हणून आभार' असलं काहीतरी ठोकून द्यायचे. या वेळी मात्र घशातून आवाज फुटेना. कारण मामा (आत्याचे मिस्टर, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात) फेब्रुवारीत गेले होते. त्यांची खुर्ची तिथेच होती. आणि आत्या मेणबत्तीच्या उजेडात 'उपासना संगीत'ची पानं उलटत होती.

माझा स्फोट झाला. "आत्या, कशाबद्दल आभार मानायचे गं? मामा गेले त्याबद्दल?"

आत्या शांतपणे म्हणाली, "नाही. त्याबद्दल देवाला माझ्याकडून कधीच थँक यू मिळणार नाही. त्या रात्री दोन वाजता शेजारच्या पोराने जीप काढून साताऱ्याला नेलं, त्याबद्दल मिळेल. शेवटपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता, त्याबद्दल मिळेल."

मग तिने बायबल माझ्याकडे सरकवलं. "तेरावं स्तोत्र वाच. सहाच वचनं आहेत."

वाचलं. सुरुवातीलाच कवी देवाला सरळ जाब विचारतो : किती दिवस मला विसरून राहणार आहेस? एकदा नाही, चार वेळा 'किती दिवस'! आणि शेवटी तोच माणूस गायला लागतो. मधल्या वेळात त्याची परिस्थिती बदलली, असं कुठेच म्हटलेलं नाही.

आणि हे एकच स्तोत्र नाही. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटीसुद्धा स्तुती नाही. तरी ते शास्त्रात आहे. रडगाणं म्हणून कुणी कापून टाकलं नाही. आमच्या सूर्यफुलाच्या डायरीत हे पान नव्हतं, बहुतेक म्हणूनच ती कोरी राहिली!

आत्या शाळेत मराठी शिकवायची. त्यामुळे तिला विभक्तिप्रत्ययांचं फार. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सर्व परिस्थितीत आभार माना असं म्हटलंय, त्यावर तिचं म्हणणं, "परिस्थिती'बद्दल' नाही गं, परिस्थिती'त'. प्रत्यय चुकला की अर्थाचा अनर्थ." हा पौल काही एसी केबिनमधून उपदेश करणारा नव्हता. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं, तेव्हा मध्यरात्री दोघं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये शंभरदा ऐकलेली. पण त्यांच्या पाठीवर तेव्हा ताजे वळ होते, हे त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

असे लोक इतिहासात आणखीही भेटतात. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक मार्टिन रिंकार्ट. तीस वर्षांचं युद्ध चाललेलं, १६३७मध्ये प्लेग आला. त्याने हजारो माणसं पुरली, त्यात त्याची बायकोही होती. त्याच काळाच्या आसपास त्याने लिहिलेलं आभाराचं गीत आज जगभरातल्या चर्चमध्ये गायलं जातं.

लांब कशाला जा? आपल्या पंडिता रमाबाई. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना आसरा दिला. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हाही त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम थांबलं नाही.

आणि ज्या नारायण वामन टिळकांची भजनं आत्या गाते, ते तर शेवटच्या काळात इथेच, साताऱ्यात होते. १९१७मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे चालू पगार सोडून चक्क फ्रीलान्स! १९१९मध्ये ते गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, लहानपणीच गेलेली मुलं, पैशाची कायमची ओढाताण, सगळं त्यात आहे. आणि तरी वाचताना आपण खो खो हसतो. त्या दुःख लपवत नाहीत, पण त्याला एकट्यालाच पूर्ण पान देत नाहीत. मला वाटतं, ही पण स्तुतीच.

आता कुणी म्हणेल, हे सगळं श्रद्धावाल्यांसाठी ठीक, आमचं काय? तर अमेरिकेतल्या एमन्स आणि मॅक्युलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३चा अभ्यास आहे. काही विद्यार्थ्यांना त्यांनी आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटाव्यात अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं वाटलं. पण आत्याचा फंडा याहून थोडा वेगळा आहे. तिला बरं वाटावं म्हणून ती आभार मानत नाही. बरं वाटत नसतानाही कुणीतरी ऐकतंय, या भरवशावर मानते.

तर हा घ्या आत्याचा फंडा, पॉइंटवाइज :

* आधी तक्रार. स्पष्ट, नाव घेऊन, मोठ्याने. देव असो, डायरी असो की जिवलग मैत्रीण, खोटं 'मजेत आहे' नको.
* वाईट गोष्टीबद्दल आभार मानायची सक्ती नाही. तिच्या आत काय शिल्लक राहिलं, ते शोधायचं.
* मोघम नको. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' म्हणजे कुणालाच नाही. रात्री दोनला निघालेली जीप, असं बारीक हवं.
* आवाज फुटत नसेल तर दुसऱ्याचं भजन उसनं घ्यायचं. भजनं त्यासाठीच असतात.
* दुसऱ्याच्या दुःखावर हा फंडा चुकूनही चिकटवायचा नाही. रडणाऱ्याला 'थँकफुल राहा' म्हणणं म्हणजे मेलेल्या घरी जाऊन पेढे वाटणं.

त्या रात्री माझी पाळी आली तेव्हा मी आधी पाच मिनिटं नुसती तक्रार केली. क्लायंट, बिलं, भाडं, सगळं. आत्या मध्ये एकदाही बोलली नाही. मग आभार मानायला गेले, तर एकच गोष्ट सुचली : बाबा. रोज रात्री नऊला फोन करून 'जेवलीस का?' विचारणारे बाबा. आणि लक्षात आलं, ज्या माणसाबद्दल मी देवाचे आभार मानतेय, त्यालाच मी महिनाभर फसवतेय.

सकाळी रेंज शोधत एसटी स्टँडपर्यंत छत्री घेऊन गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

क्लायंट परत आला नाही. एक बिल मिळालं, दुसरं अजून अडकलेलंच आहे. भाडं सध्या निम्मं बाबा भरतात आणि त्याची मला लाज वाटते, हेही सांगून टाकते. आत्या अजून मामांच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही.

पण सूर्यफुलाची डायरी आता कोरी नाही. पहिल्या पानावर नुसत्या तक्रारी आहेत, सव्वा पान भरून. आभार त्याच्या खाली सुरू होतात.