पाण्याचा जोर मारणारे राज्य

पौषातली कडाक्याची रात्र. बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारात मध्यरात्री थ्री-फेज येते आणि घरोघरची कर्ती माणसे अंथरूण सोडतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. हरभऱ्यात पाय टाकण्याआधी झोत फिरवून बघायचे, साप तर नाही ना, रानडुक्कर तर नाही ना. तेवढ्यात एक फेज उडते, मोटार बंद पडते आणि चिखल तुडवत पुन्हा स्टार्टरकडे जायचे. भरदुपारी कचेऱ्यांत दिवे जळतात आणि जगाला पोसणारा मध्यरात्री ओलित करतो! याला वेळापत्रक म्हणतात. आम्ही याला छळ म्हणतो.

दिवसा वीज आणायची कुठून, असे साहेब विचारतात. साहेब, धरणाच्या पायथ्याशी कधी उभे राहिलात काय? दरवाजातून सुटलेले पाणी कालवा फोडील, म्हणून तिथे काँक्रीटचे कुंड बांधून आधी त्या पाण्याचा जोर मारतात. तोच जोर टर्बाइनवर घ्या! सेकंदाला एक घनमीटर पाणी १० मीटरवरून पडले, तर सत्तरएक किलोवॉट वीज होते. पाच अश्वशक्तीचे पंधरा तरी पंप तिच्यावर चालतील. शिवाय वीज घेतल्याने पाण्याचा एक थेंब कमी होत नाही, आणि रब्बीचे आवर्तन सुटते नेमके तेव्हाच शिवारालाही वीज हवी असते.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्या संग्रामपूर तालुक्याला लागून असलेल्या वान धरणावर दीड मेगावॉटचे केंद्र आहे. आपले मराठी मजूर ज्या मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेले, तो देश बुलडाणा जिल्ह्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा. त्याने आपल्या लहानलहान नद्यांवर सुमारे ६० मेगावॉटची जलविद्युत केंद्रे उभारली. ला निकोलिएरच्या कालव्यावर तर ४०० किलोवॉटहूनही लहान केंद्र बसवले. तिथला कालवा वीज देतो, आणि आमच्या कालव्याने नुसते वाहायचे?

याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावच्या आदिवासींनी २००३ साली उदई नदीवर १५ किलोवॉटचे केंद्र उभे केले. नर्मदा बचाव आंदोलनाची साथ, केरळच्या दोन अभियंत्यांची विद्या आणि गावाचे श्रमदान एवढ्या भांडवलावर पाड्यापाड्यांत दिवे लागले. त्यावरून ‘स्वदेस’ चित्रपटातला वीजनिर्मितीचा प्रसंग सुचला, देशाने टाळ्या वाजवल्या. आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते केंद्रच गिळले. पाण्याचा जोर मारणाऱ्या राज्याने तिथे माणसांचाही जोर मारला!

कायदा आड येतो म्हणावे, तर तेही खोटे. अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटणाऱ्याला २००३ च्या वीज कायद्याने परवान्यातून मोकळे केले आहे. २००५ साली राज्याने छोट्या जलविद्युत प्रकल्पांचे धोरण आणले, पण ते खासगी गुंतवणूकदाराकडे बघून. ज्या गावाचे शिवार धरणाखाली गेले, ते गाव त्या विजेचे मालक का नसावे?

पावसाने दगा दिला की धरण तळ गाठते, नाले होळीआधीच कोरडे पडतात, हे आम्हाला कुणी शिकवू नये. म्हणूनच पाण्याच्या जोडीला सूर्य हवा. २०१७ साली आलेली सौर कृषी वाहिनी योजना दिवसा विजेचे वचन देते. ते वचन फलकावर नको, डीपीवर दिसले पाहिजे.

म्हणून ग्रामसभांनी ठराव करावेत. नळगंगा धरणाच्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक तलावाच्या पायथ्याशी किती वीज निघू शकते, त्याचा हिशेब पाटबंधारे खात्याने चावडीवर लावावा. निघत असेल तर बांधकाम सुरू करावे आणि त्यात गावाचा वाटा लिहून द्यावा. निघत नसेल तर आकड्यांनिशी तसे सांगावे. महावितरणने कृषी फीडरची रात्रीची पाळी कधी बंद होणार, ती तारीख जाहीर करावी. पुढच्या रब्बीचा हरभरा आम्हाला उजेडात ओलायचा आहे.